न धुतलेलं झबलं

दवाखान्याच्या धुलाईघरात तिची अकरा वर्षं गेली होती. रक्त, पू, ओकारी, कशालाही ती नाक मुरडत नसे. तिला किळस होती ती घरच्या उपायांची. मूल होत नाही म्हणून सासूबाईंनी तिच्या पोटात काय काय ढकललं होतं! काळेकुट्ट काढे, राखेच्या पुड्या, एकदा तर कुणा बाळंतिणीच्या अंगावरचं कोमट दूध. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं, "तुझं सगळं नीट आहे. नवऱ्याला तपासणीला आण." नवरा या कानानं ऐकायचा, त्या कानानं सोडून द्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, आणि या घरात अंगण म्हणजे कायम तीच.

"हा शेवटचा उपाय," सासूबाई म्हणाल्या. "नवजात बाळाचं न धुतलेलं झबलं तीन आठवडे पोटाला बांध. गुण नाही आला तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. माझ्या लेकाची शपथ!"

त्या शपथेपायी ती कबूल झाली. दुपारचा डबा द्यायच्या निमित्तानं सासूबाई धुलाईघरात आल्या आणि जाताना कपड्यांतलं एक झबलं पदराआड घालून घेऊन गेल्या.

झबल्याला आंबूस वास होता. चौथ्या दिवसापासून ते ओलसर लागायला लागलं. घाम असेल, ती मनाशी म्हणाली. नवव्या दिवशी, भर दुपारी, चादरींच्या घड्या घालताना तिचा ब्लाउज छातीवर भिजला. तिनं बोट लावून पाहिलं. चिकट, पिवळट दूध. तेवढ्यात पोटावर, झबल्याच्या आत, काहीतरी चुटूचुटू चोखू लागलं...

धुलाईघराच्या मुकादमबाईंनी तिला हाताला धरून मोरीपाशी नेलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"झबलं काढलं कुठून?" मुकादमबाईंनी विचारलं.

"कोपऱ्यातल्या गाठोड्यातून, म्हणत होत्या."

मुकादमबाईंचा आवाज एकदम खाली आला. "काळ्या दोऱ्याचं...?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोटातच गेलेल्या बाळांसाठी आणलेले कपडे काळ्या दोऱ्यानं बांधतात. ते गाठोडं सोडायचं नाही, सोडलं तर त्यातली बाळं दूध शोधत मागे लागतात; तसंच जाळायच्या भट्टीत टाकायचं, हे तिथल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंना कोण सांगणार?

"कधी थेंबभरसुद्धा प्यायलं नाही गं ते लेकरू," मुकादमबाई पुटपुटल्या.

झबलं सुटेना. भिजलेला कागद भिंतीवरून सोलावा तसं तिनं ते पोटावरून सोलून काढलं. खाली एक गोल लाल चट्टा होता, रुपयाएवढा, लाळेनं चकाकणारा. तिनं झबलं भट्टीत फेकलं, साबणानं पोट खसाखसा घासलं आणि मुकादमबाईंचा धुतलेला ब्लाउज चढवून घराकडे निघाली. भीती होतीच, पण संताप त्याहून मोठा होता. आज सासूबाईंना तोंडावर सांगायचं, बास झालं, आता तुमच्या लेकाची तपासणी.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात सासूबाई तिच्याकडे पाठ करून पाटावर बसल्या होत्या, मांडी हलवत. घरभर नासलेल्या दुधाचा वास सुटला होता.

"सासूबाई, मी ते जाळून टाकलं. यापुढे—"

"हळू! आत्ताच डोळा लागलाय त्याचा." सासूबाईंनी मान वळवली. पासष्टीच्या त्या बाईचा पदर छातीपासून मांडीपर्यंत भिजला होता, पाटाखाली थारोळं साचलं होतं. चेहऱ्यावर मात्र कौतुक मावत नव्हतं. पदराखाली चुटूचुटू आवाज चालूच होता.

"अशी बघत काय राहिलीस?" त्या कुजबुजल्या. "याला मी सांभाळते. तू दुसऱ्याला घे ना... केव्हाचं रडतंय."

घरात रडण्याचा कसलाही आवाज नव्हता. ती उंबऱ्यातच थिजली, आणि अंगावरचा कोरडा ब्लाउज हळूहळू भिजायला लागला.