सातचा फोन आणि टेस्टचं बटण

"हात लावू नका!" मी ओरडलेच.

गिरडच्या टेकडीखाली, बंडूजींच्या वांग्याच्या वावरात मी पंपाची पेटी दुरुस्त करायला गेले होते. पेटीतून एक वायर थेट कडुलिंबाखालच्या पांढऱ्या कॅराव्हॅनमध्ये गेलेली, आणि एक उंच पोरगा ओल्या, अनवाणी पायांनी तिच्या दाराला हात घालत होता. मी पळत जाऊन दाराला टेस्टर लावला. पेटला.

"म्हणजे?" त्यानं विचारलं. डोळे असे की... जाऊ द्या, मी आधी जाऊन मेन स्विच पाडला.

"म्हणजे गेले असते तुमी."

नाव चंदन. सावंगीला फिजिओथेरपी शिकलेला, गाडीतच राहून गावोगावच्या म्हाताऱ्यांचे गुडघे बरे करायला निघालेला. आणि मी वर्षाली, अल्लीपूरची, आयटीआय झालेली वायरमन.

"आतला सेफ्टी स्विच सारखा पडे," तो ओशाळून म्हणाला. "मंग बंडूजीनं तो काढून वायर सरळ जोडून देली."

"अहो, तो तुमाले वाचवाले पडत होता. दाराच्या कडेले वायर घासली, करंट बॉडीत उतरला. टायर रबराचे. जमिनीत जाईन कसा? तुमच्यातूनच गेला असता."

तासभर मी आत राबले. वायर बदलली, स्विच परत बसवला, जमिनीत रॉड ठोकून अर्थिंग दिलं. तो टॉर्च धरून उभा.

"टॉर्च इकडं धरा."

"धरूनच तर राह्यलो."

"माह्या तोंडावर नाई... वायरीवर."

उद्या हा पुढच्या गावी, मग संपलंच, असं मनात आलं आणि मी चक्क खोटं बोलले.

"हे टेस्टचं बटण. रोज सातला दाबा. खटका पडला की स्विच ठीक. मले फोन करून सांगजा."

फोन येत गेले. "दाबलं. पडला." मग कोणत्या आजीनं भाकर दिली, कोणता आजोबा काठी विसरून गेला — अर्धा अर्धा तास. सातनंतर आईनं मला हाक मारणंच सोडलं.

तिसाव्या दिवशी सात वाजले. सव्वासात... फोन नाही. मी लावला, उचलला नाही. ओले पाय, ते दार... स्कूटीची चावी घेऊन अंगणात धावले, तर फाटकाशी पांढरी कॅराव्हॅन.

"फोन काऊन नाई उचलला?" मला रडूच आलं.

"गाडी चालवून राह्यलो होतो." तो तसाच अनवाणी खाली उतरला, हातात गाडीचं माहितीपुस्तक. "वर्षाली, यात लिहून हाये, बटण महिन्यातून एकदा दाबाचं."

माझे कान तापले. "कधी वाचलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंग रोज काऊन...?"

"तू रोज काऊन सांगितलं?"

"मले तुमचा फोन पाहिजे होता," मी बोलून टाकलं. "तुमी पाहिजे होते."

"मलेबी तूच पाहिजे. म्हणून तर आलो."

ओट्यावर बाबा खाकरले. कधीपासून बसले होते कोण जाणे. "वर्षाली, त्याले घरातून लाइन दे. आपलं अर्थिंग पक्कं हाये."

चंदन हसत वायर उचलायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"चंदन, आधी चप्पल घाल."