अकरा नंबरचं गाव

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर अमरावतीला चला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, वैशाखातली दुपार. अंबागेटच्या आतल्या एका बोळात तुम्ही जेवायला आलात. दाराला वाळ्याची ओली ताटी, आत सारवलेली गार जमीन, ओळीने मांडलेले पाट आणि लसणाच्या फोडणीचा वास. आता कोणी तुमचं नाव विचारील, असं वाटतं ना? नाही विचारणार. तुमच्यापुढच्या पितळी ताटाच्या काठावर एक आकडा ठोकलेला आहे. या घरात तुम्ही म्हणजे तो आकडा.

भागीरथाबाईंच्या खाणावळीची ही रीतच होती. आडनाव कानावर पडलं की शेजारचा माणूस पाट उचलून लांब जाऊन बसतो, हे त्यांनी नको तितकं पाहिलं होतं. म्हणून इथे सगळे आकडे. पण एकदा एक जेवणारा तापाने फणफणून गेला आणि तार कोणत्या गावी करायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून घरात एक वही आली. एका नंबराला एक पान. पानावर नाव, गाव, घरचा पत्ता, काय सोसत नाही ते. भागीरथाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून लिहायचं काम सिंधूकडे. सिंधू दहा वर्षांची, त्यांच्या भावाची मुलगी. आईबाप गेल्यापासून तिला आत्याशिवाय कोणी नव्हतं.

"लोकायचं नावगाव आपल्या पोटात राह्यलं पाह्यजे," आत्या बजावायची. "कोणी इचारलं त म्हणावं, मले मालूम नाई."

वही जोंधळ्याच्या कोठीमागे असे. तिच्यातल्या पानांपैकी सिंधूचं आवडतं पान अकरावं. अकरा नंबर म्हणजे श्रावण, कचेरीतला तरुण कारकून. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तो तिच्यासाठी पेन्सिलींचे तुकडे आणायचा आणि गावाकडच्या आईच्या गोष्टी सांगायचा.

एका दुपारी पंगत बसायच्या आधी सिंधू एकटीच पाट मांडत होती. ताटीतून एक गृहस्थ आत आले. बाहेर झळा मारत होत्या, धूळ उडत होती, पण त्यांच्या पांढऱ्या धोतरावर एक कण नव्हता. तिने रांजणातलं पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत.

"अकरा नंबरवाल्यांच्या आईला बरं नाही," ते म्हणाले. "गावी औषध पोचवायचंय. पण गावाचं नाव काही केल्या आठवत नाही बघ."

सिंधूने विचार केला. नाव तर ते विचारत नाहीत. आणि आई आजारी आहे.

"बार्शीटाकळी," ती म्हणाली.

"बार्शीटाकळी," ते हळूच म्हणाले, चव घेतल्यासारखं. पेला ठेवून निघून गेले. गार पाण्याने पेल्यावर दव धरलं होतं. बोटं जिथे होती, तिथलं दवही पुसलं गेलं नव्हतं.

पंगत बसली. चार नंबरने नेहमीसारखी थट्टा काढली, "काय हो अकरा नंबर, सुटीत गावी जाता, का इथंच पाट झिजवता?"

श्रावणचा घास हातातच राहिला. "जाचं त होतं. पण कुठं, ते काई ध्यानात येऊन नाई राह्यलं."

"घ्या! लगन झालं नाई त हे हाल!"

सगळे हसले. श्रावणही हसला, पण जरा उशिराने.

सिंधू कोठीमागे धावली. अकरावं पान. नाव होतं. त्याखालची ओळ कोरी होती. खोडलेली नव्हे. कागद असा गुळगुळीत, की तिथे कधी पेन्सिल टेकलीच नसावी.

हात धुवायला उठलेल्या श्रावणच्या कानात तिने गावाचं नाव सांगितलं.

"बार्शीटाकळी. बरं," तो म्हणाला. हात धुतले, पुसले, परत आला. "मघा काय म्हटलं तू?"

तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं.

"तुमाले वाईट नाई वाटत?"

त्याने खरोखर विचार करून पाहिला. "नाई. कसंच नाई वाटत. तेच पाहून राह्यलो मी."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते गृहस्थ पुन्हा आले. सिंधूने रात्रीच ठरवलं होतं. नावही गेलं, तर अकरा नंबरच्या ताटावर कोण येऊन बसेल? काही झालं तरी नाव सांगायचं नाही.

"आता नाव तेवढं राहिलं," ते म्हणाले.

"मले मालूम नाई."

ताटीतून ठिबकणारं पाणी थांबलं होतं. आतून आत्या आली, हातात वरणाचा पळा.

"कोण पाह्यजे?"

"अकरा नंबर."

"आकडा मालूम हाय नं? मंग तेवढा पुरे. जेवाचं असन त बसा, नाई त वाट सोडा."

ते हलले नाहीत. त्यांनी सिंधूकडे पाहिलं.

"हुशार आहे मुलगी. तुमची कोण?"

पोर दिसली की हे सगळेच विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आत्या रोज कोणाला ना कोणाला देत असे. नियम जेवणाऱ्यांसाठी होता, घरच्यांसाठी नव्हता.

"आत्या!" सिंधू ओरडली.

"माह्या भावाची पोट्टी हाय. काहून?"

"काही नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू, "भावाची."

ते बाहेर गेले. ताटी हलली नाही.

आत्याच्या पळ्यातलं वरण जमिनीवर ठिबकत होतं. मग ती आत गेली.

सिंधूने वही काढली. अकराव्या पानावर श्रावणचं नाव जसंच्या तसं होतं.

पंगत बसली. भागीरथाबाई वाढत वाढत टोकाला आल्या. तिथे भिंतीला टेकून सिंधू उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नव्या जेवणाऱ्याकडे पाहायच्या तसंच, आदराने, काही न विचारता.

त्यांनी एक पाट मांडला. फळीवरून कोणाचं नसलेलं एक ताट काढून पुढे ठेवलं.

"बसा नं," त्या म्हणाल्या. "लाजू नका. पोटभर जेवा तुमी."

सिंधू रडू येण्याची वाट पाहत राहिली.

आलं नाही.

ती पाटावर बसली. ताटात भाकर पडली, वांग्याची भाजी पडली. भाजी चांगली झाली होती. तिने सगळी संपवली.

"आणखी भाकर वाढू?"

सिंधूने मान वर केली आणि ताट पुढे सरकवलं.

"अर्धीच वाढा, बाई."