दादासोंची गार खोली

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढची पोस्ट वाचावी, मी कुणाच्या पाया पडणार नाही. मी स्वतः तिथं होतो. त्यातली एक चूक माझीच होती, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय.

ठिकाण, आटपाडीपासून पाच मैलांवरचं एक रान. साल १९९५, मे महिना.

आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची, साडेबाराची.

मी सुमंत, सांगलीचा. तेव्हा मी शीतगृहांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचो. द्राक्षांच्या दिवसांत पलूस-तासगावकडे मला श्वास घ्यायला फुरसत नसायची. भुताखेतांची गोष्ट कुणी काढली की मी तोंडावर हसायचो. यंत्राला आवाज आला तर त्याला कारण असतं, एवढंच मला माहीत.

दादासो हे आटपाडीकडचे डाळिंबवाले. घरात पूर्वी मेंढरं होती, नंतर बाग झाली, मग बंगला. त्यांची एकुलती एक लेक सोनिया बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं, तेही उन्हाळ्यातच. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला उष्णता सोसायची नाही.

"कायबी करा, पन माज्या पोरीला गार खोली करून द्या," दादासो मला म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

कूलरला पाणी लागतं, आणि तिथं प्यायलाच टँकर. मग मी माझी आवडती कल्पना काढली. एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं. वर कितीही ऊन असो, दहा फूट खाली जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास सारखंच असतं. तिथं पाइपांची वेटोळी पुरायची, त्यांत पाणी फिरवायचं आणि कॉम्प्रेसर जोडायचा. उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत जाते. थंडीत उलटं, जमिनीतली ऊब घरात येते.

दादासोंना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ते हो म्हणाले आणि डाळिंबाच्या कामाला आठ दिवस मुंबईला गेले.

जागा मी निवडली.

ती माझी चूक.

बंगल्याभोवती सगळा खडक. दोन दिवस पहारी मारून गुडघाभरही खड्डा झाला नाही. मग मला मागच्या बाजूला एक गोल तुकडा दिसला. तिथली माती मऊ होती. कुणीतरी कधीतरी बुजवलेला भराव आहे, हे मला लगेच कळलं. म्हटलं, बरंच झालं, आयतं काम. गड्यांनी दीड दिवसात दहा फूट खणलं. मी पाइप टाकले, माती लोटली आणि स्वतःवरच खूश झालो.

कोरडी माती उष्णता नीट ओढत नाही. म्हणून घरात कामाला असलेल्या अंजनाबाईंना मी सांगितलं, अंघोळीचं सांडपाणी रोज सकाळी त्या जागेवर ओतायचं.

अंजनाबाई पन्नाशीच्या. कपाळाला मोठं कुंकू. त्यांचा नवरा कोंडीबा विहिरी खणायचा. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो दादासोंचं काम अर्धं टाकून कर्नाटकाकडे कुठंतरी पळून गेला, असं गाव सांगायचं. कुणी म्हणायचं, बाई ठेवली असेल. दादासोंनी अंजनाबाईंना घरात काम दिलं. लोक त्यांचं कौतुक करायचे.

दादासो मुंबईहून आले. मागं गेले आणि जागच्या जागी थांबले.

"हितं कुनी खांदाय सांगितलं?"

"मऊ माती लागली. का, काही अडचण आहे का?"

ते माझ्याकडे बघतच नव्हते. समोर अंजनाबाई बादली रिकामी करत होत्या. पाणी मातीत जिरत होतं.

"न्हाई..." ते म्हणाले. "अडचन कसली."

एप्रिलमध्ये यंत्र सुरू झालं. बाहेर बेचाळीस अंश, खोलीत पंचवीस! भिंतीतल्या जाळीतून असा गार वारा यायचा की गावातली माणसं बघायला यायची. सोनिया कित्येक दिवसांनी दुपारची झोपली. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू.

तो पंधरा दिवस टिकला.

मग सोनियाचा निरोप आला. "काका, दुपारी जमिनीत कायतरी दणकतंय."

पाइपात हवा अडकली की दणके बसतात. मी गेलो, हवा काढली, परत आलो.

चार दिवसांनी पुन्हा निरोप.

या वेळी मी तिथंच मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता वीज गेली. पंप बंद. कॉम्प्रेसर बंद. सगळीकडे शांत...

इतकं शांत, की बागेतली पाखरंसुद्धा गप्प होती.

साडेबारा झाले.

धप्प...

धप्प...

धप्प...

धप्प...

मग काहीच नाही.

जाळीतून एक वास आला. दिवाळीत फटाक्यांनंतर येतो तसा. मी पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. पाइप पोळत होता! यंत्र बंद, पाणी थांबलेलं, आणि जमिनीतून चटका येतोय. हे होऊच शकत नाही.

"बारावानी वाटतंय," मागून अंजनाबाई म्हणाल्या. "हिरीत सुरुंग उडवत्यात, तसं."

"म्हणजे?"

"आमच्या घरधन्याचंच काम व्हतं त्ये. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं. मग वर हुबा असंल त्यानं बार मोजायचं. पाच वाती, तर पाच बार. एक जरी कमी आला तर दिसभर कुनी खाली उतरायचं न्हाई. आत जित्ता सुरुंग असतुया."

"आत्ता किती झाले?"

"चार."

मीही चारच मोजले होते.

दारात दादासो उभे होते. चेहरा राखेसारखा.

"पाच झालं," ते म्हणाले. "मी मोजलं."

त्यानंतर रोज तेच. रोज साडेबाराला चार बार. सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत पार सुकायचं, मातीला भेगा पडायच्या. शेळ्या त्या गोलाला वळसा घालून जायच्या. मी दादासोंना म्हटलं, पाइप उपटून दुसरीकडे टाकू. ते माझ्या अंगावर ओरडले. तिथं फावडं लावायचं नाही म्हणाले. सोनियाला सासरी पाठवा म्हटलं, तर डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली.

मला त्या माणसाचा राग यायला लागला होता. काहीतरी होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

मे महिन्याचा तिसरा रविवार.

सोनिया खोलीत पडून होती. मी बाहेर यंत्रापाशी. साडेबाराला चार बार झाले, आणि खोलीचं दार आपोआप लागलं. कडी बाहेरून नाही, आतून नाही. तरी दार हलेना. चौकटीला हात टेकवत नव्हता.

"आण्णा!" आतून सोनिया बापाला हाक मारत किंचाळली. "जाळीतनं जाळ येतुया! आण्णा, दम कोंडतोय... माज्या पोटात कळा यायल्यात!"

दादासो धावत आले. मी आणि ते दोघं दाराला धडका देत होतो.

तेवढ्यात पाइपातून आवाज आला.

माणसाचा.

खोलवरून... खूप खालून...

"मालक... किती झालं?"

दादासोंनी धडका थांबवल्या.

"पाच," ते पुटपुटले. "पाच झालं."

आतली किंकाळी वाढली.

"मालक... किती झालं?"

"पाच रं..."

सोनियाचा आवाज बंद झाला.

एकदम.

दादासोंनी डोकं दारावर आपटलं आणि बोंब मारली. "चार! चारच झालं हुतं कोंडीबा! मी खोटं बोललो! पावसाच्या आत पानी लागाय पायजे हुतं मला... मी म्हनलो, पाच झालं, उतर! तुज्यावर मीच हीर बुजवली! माज्या लेकीला सोड रं, माज्या लेकीला सोड!"

दार उघडलं.

आतून गार वारा आला.

सोनिया जमिनीवर पडली होती. श्वास चालू होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला तालुक्याला नेलं. दादासोंची बायको सोबत गेली. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

तो निरोप दादासोंना मिळाला नाही.

जीप गेली तेव्हा ते वळले, तर समोर अंजनाबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातली बादली तशीच.

"बावीस वर्सं," त्या म्हणाल्या. "नवरा पळाला म्हनून लोकं थुकली माज्यावर. मी तुमची भांडी घासली. आन् तुमी मला त्याच्यावर अंगुळीचं पानी वताय लावलंसा?"

पाणी ओतायला मी लावलं होतं. दादासोंनी ते फक्त चालू दिलं.

दादासो त्यांच्या पाया पडायला वाकले. त्या मागं सरकल्या.

आणि पाइपातून पुन्हा...

"मालक... आता तुमी उतरा."

दादासो सरळ उभे राहिले. मागच्या दाराकडे चालू लागले, बोलावल्यासारखे. मी त्यांचा हात धरला. तो हात तव्यासारखा तापला होता. मला आणखी घट्ट धरता आला असता. खरं सांगतो, धरता आला असता. पण मी सोडला.

ते गोलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

ऊन रणरणत होतं. कुठं पानही हलत नव्हतं.

धप्प.

एकच.

जमीन खचली. डोळ्यांदेखत ती आख्खी गोल जागा खाली गेली, धूळ उठली... आणि दादासो नव्हते.

गावानं दोन दिवस माती उपसली. पोलीस आले. पंचनाम्यात जुना भराव खचल्याची नोंद झाली. तेवढं खरंच आहे.

पण त्यांनी एक गोष्ट लिहिली नाही. मी सांगितली तरी लिहिली नाही.

माझे पाइप वीस फूट खाली गेले होते, पण एकही तुटला नव्हता. वेटोळी जशीच्या तशी. दोन पाइपांमध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं, मांजरही त्यातून गेलं नसतं. दाब मोजायच्या घड्याळाचा काटा जागचा हललेला नव्हता.

आणि दादासो त्या पाइपांच्या खाली सापडले.

पार तळाला. उकिडवे बसलेले. त्यांच्या शेजारी हाडं होती. कमरेच्या करगोट्याची चांदी तेवढी अंजनाबाईंनी ओळखली.

तिसऱ्या दिवशी मी यंत्र सोडवत होतो. पाइपाची टोकं कापून उघडी टाकली होती. पंप केव्हाच काढला होता. तरी एका तोंडातून मंद गार हवा येत होती. उरलेली हवा असेल, असं मी स्वतःला समजावत होतो.

अंजनाबाई येऊन बाजूला बसल्या. कपाळ मोकळं होतं.

मग म्हणाल्या, "सायेब, तुमी समदं ऐकलंसा. म्हयनाभर रोज हितंच हुतासा. त्यानं माजं नाव घेतलं का वो? एकदा तरी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. बावीस वर्षं ती बाई त्याच्यापासून तीस पावलांवर भांडी घासत होती. आणि तो जमिनीत पडून फक्त मालकालाच हाका मारत होता.

"घेतलं," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. त्या हसल्या.

पाइपातली हवा थांबली.

त्या क्षणाला. कुणी आत तोंडावर हात ठेवावा तशी.

अंजनाबाई उठून गेल्या. मी हत्यारं तिथंच टाकली आणि मिळेल त्या गाडीनं सांगली गाठली. त्यानंतर मी कुणाच्या घरासाठी जमीन खणलेली नाही. खालच्यानं माझं बोलणं ऐकलं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्याला ते पटलं, की त्याचा राग आला... ते मला अजून कळलेलं नाही.