राख कुणी लावली?

"पिल्लू गेलं! अरे, आपलं पिल्लू कुणीतरी नेलं!" सुरुची ओरडली.

कौस्तुभच्या हातातली खुरपी खालीच पडली. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या बिल्डिंगमागे, पाण्याच्या टाकीशेजारी, कौस्तुभ, दिव्या आणि सुरुची या तिघांनी मिळून केळ वाढवली होती. तिच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचं, तलवारीसारख्या पानांचं पिल्लू आलं होतं. सुरुची उद्या मुर्धा गावात राहायला जाणार होती आणि ते तिच्या नव्या अंगणात लागणार होतं. बाकीची पिल्लं अजून बोटभरच होती.

"दिव्या, तूच दिलंस ना कुणाला?" सुरुची रडवेली झाली. "कालच म्हणत होतीस, जाऊ नकोस म्हणून!"

"मी? वेडी आहेस का गं?" दिव्याला ते फार लागलं. ती खाली बसून माती उकरू लागली.

चोरानं खड्डा नीट बुजवला होता. आत आई-झाडाच्या कंदाला खरचटलंही नव्हतं. जोड एकाच घावात कापलेला आणि कापावर चक्क राख!

"हे वॉचमनकाकांचं काम नाही," कौस्तुभ म्हणाला. "ते सरळ उपटून मोकळे होतात! राखेचं तर आपल्याला सुरुचीच्या मामांनी शिकवलं. अजून कुणाला माहितीये?"

"आणि आपली उदबत्तीची राख डबीत तशीच आहे," सुरुची म्हणाली. "ही बघ ना, वाकडे-वाकडे तुकडे. मच्छरांच्या कॉइलची आहे!"

दिव्या उकरता उकरता थांबली. तिच्याकडे बाबा रोज बाल्कनीत कॉइल लावायचे. आणि पिल्लू कसं काढायचं, हे तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, बाबांना. पण तेव्हा जेवताना बाबा मोबाइलमध्ये डोकं घालून नुसतं "हं, हं" करत होते. बाबा आपलं कधी ऐकतच नाहीत, म्हणून ती रुसून उठली होती!

"वर चला," ती म्हणाली. "आणि तोंडं बंद ठेवा."

बाबा चहा पीत होते.

"बाबा, आमचं पिल्लू चोरीला गेलं," दिव्या म्हणाली. "पण चोर अगदीच बावळट! कापावर राखच लावली नाही. आता आई-झाड कुजणार बघा!"

"लावली की! चांगली दोन्हीकडे..." बाबांचा कप हवेतच राहिला.

कौस्तुभ फिस्सकन हसला. दिव्याला मात्र हसू आलं नाही.

"आमच्या ऑफिसच्या साहेबांनी तारोडीला बंगला बांधलाय," बाबा पुटपुटले. "त्यांना द्यावं म्हटलं. अगं, तुम्हाला काय, दुसरं येईल!"

"मागितलं असतंत तर पुढचं तुम्हालाच दिलं असतं!" दिव्या उसळून म्हणाली. "मी विश्वासानं सांगितलं होतं, बाबा! आणि सुरुचीला वाटलं, मीच दगा दिला!"

बाबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी साहेबांना फोन लावला, कानकोंडे होत खरं ते सांगितलं, आणि स्कूटरमागे ओल्या गोणपाटात लपवलेलं पिल्लू वर आणलं.

दुसऱ्या दिवशी बाबांसह सगळे मुर्ध्याला गेले, तेव्हा सुरुचीच्या मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कोनी काढलाय ह्यो? येक नंबर! कुटं धक्का न्हाय!"

"काढलं मी," बाबा म्हणाले. "पण शिकवलं दिव्यानं."

"शाब्बास गं पोरी!" मामांनी तिच्या पाठीवर थाप मारली. सुरुचीनं येऊन तिचा हात घट्ट धरला.

दिव्यानं मान खाली घातली. बाबांनी त्या दिवशी तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. इतके दिवस तिला तेवढंच तर हवं होतं, आणि आता त्याचंच रडू येत होतं.