सुट्टीच्या अर्जातलं कारण

गल्लीत सुताचा ताणा पसरून त्याला खळ लावणं चालू असलं, की तिथून सायकल दामटायची नाही, हे पाचपावलीच्या विणकर वस्तीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण बहात्तर सालच्या त्या रविवारी एक पांढराशुभ्र बुशशर्ट कोपऱ्यावरून वळला, ब्रेक लागले नाहीत, आणि शामलाच्या ताण्यातले वीस-बावीस धागे तटातट तुटले.

"आंधळे हाय का जी तुम्ही?" शामला हातातला खळीचा कुंचा घेऊनच धावली.

तो सायकल टाकून खाली बसला. एकेक तुटकं टोक उचलून गाठ मारत गेला... गाठ इतकी बारीक, की दिसूच नये. शामलाचा राग कुठल्या कुठे पळाला. अशी गाठ नुसती पाहून येत नाही.

"कोष्टी आहा का तुम्ही?"

"हळू बोला ना..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. नाव रवींद्र, मूळचा उमरेडचा, इथे मामाकडे राहून नुकताच एका कचेरीत कारकून झालेला. विणकराचा पोरगा म्हटलं की लोकांची नजर बदलते, हे त्याने शाळेतच पाहिलं होतं. म्हणून कचेरीत वडिलांच्या मागाबद्दल चकार शब्द नाही.

"तुमच्या हाताले लाज नाही वाटत," शामला म्हणाली, "मग तोंडालेच काहून वाटते?"

तो कानापर्यंत लाल झाला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला — सायकल हातात धरून!

मग येतच राहिला. तो कुंचा फिरवायचा, ती त्याच्या बोटांकडे बघत राहायची. त्याने वर पाहिलं, की तिला एकदम सुताची काळजी वाटू लागायची. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

तिचं दुसरं प्रेम जुनं होतं. वडिलांची, चंपतरावांची, कंबर धरल्यापासून घरचा माग तीच चालवायची. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं, की तिला जगात कुणाची भीती वाटत नसे.

माघात स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, घर पक्कं. अट एकच — सुनेने मागावर बसायचं नाही.

"सुखात राहशील वं," चंपतराव म्हणाले. शामलाने विचाराला आठ दिवस मागितले आणि रविवारी रवींद्रला सगळं सांगितलं. तो ऐकून सायकल घेऊन निघून गेला. त्या दिवशी ती पोटभर रडली.

बुधवारी, ऐन कचेरीच्या वेळेला, तो दारात उभा!

"आज ऑफिस नाही?"

त्याने खिशातून सुट्टीच्या अर्जाची नक्कल काढून दिली. कारण ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं — 'घरी हातमाग बसवायचा असल्यामुळे.'

शामलाने दोनदा वाचलं. "साहेब काय म्हणले?"

"कोणाचा माग, म्हणे. मी म्हटलं, आमचाच. आम्ही कोष्टी आहो." त्याने तळहात पुढे केले. फोड आले होते. "मामाच्या मागच्या खोलीत खड्डा खणून राहिलो... तुझ्या पायाच्या मापाचा. येशील?"

"किती दिवसांची सुट्टी?" तिने विचारलं.

"तीन."

"खड्ड्याले दोन पुरतात."

"तिसरा... तुझ्या बाबाले विचाराले ठेवला."

शामला डोळे पुसत हसली. "तो आजच धरा मग." आणि आत वळून तिने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "बाबा, उमरेडचे विणकर आले जी!"

या खेपेला त्याने तिला हळू बोलायला सांगितलं नाही.