मला मत नसतं

फाटकातून आधी एक लांबलचक फळी बाहेर आली आणि तिच्यामागून तो. फळीचं टोक माझ्या टोपीला लागलं, टोपी चिखलात पडली, आणि सकाळपासून साठलेला सगळा राग मी त्याच्यावर काढला.

“डोळे कुठं ठेवलेत?”

“फळीच्या या टोकाला,” तो म्हणाला. “माफ करा, एजे.”

एजे! थोरल्या बहिणीला म्हणावं तसं! मी पंचविशीची, आणि हा बाप्या तिशीला टेकलेला.

“मी तुमची एजे? घरात आरसा आहे का?”

“होता. मला बघून तडकला, असं आई म्हणते.”

मला हसायचं नव्हतं. पण एप्रिलचा तो विचित्र दिवस... जर्दाळू नुकता फुललेला आणि त्या फुलांवर ओला बर्फ भुरभुरत होता. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा, भुशावर बर्फ, आणि त्यातच एक फूल अडकलेलं. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. मी हसले, आणि तिथंच चुकलं... किंवा जमलं म्हणा.

मी कानिशाय. राजधानीतली, बिश्केकची एक कंपनी लोकांची मतं गोळा करते, आणि आमच्या खोऱ्यात दारोदार हिंडून ती गोळा करून आणते ती मी. नियम कडक आहेत. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार, त्यालाच विचारायचं. आपण मान डोलवायची नाही, भुवई उडवायची नाही. या घरात दोघंच होते, आई आणि मुलगा, आणि वाढदिवस मुलाचा आधी. नाव कुबात, काम सुतारकी. तापचान बनवायचा. उन्हाळाभर आमच्याकडची घरं अंगणातल्या या लाकडी बैठकीवरच जेवतात, झोपतात आणि भांडतात.

छपराखाली एक नवी तापचान तयार होत होती. इतकी रुंद मी आजवर पाहिली नव्हती. त्यानं मला ऐन मधोमध बसवलं आणि स्वतः कडेला टेकला, अर्धाअधिक हवेतच.

“नीट बसा की.”

“बसलोय की.”

मी यादी वाचायला लागले. सरकारनं सगळ्यात आधी कशाकडे लक्ष द्यावं? महागाई, रोजगार, रस्ते, पाणी, शाळा... आणि सगळ्यात खाली, ‘तुरुंगांतली गर्दी कमी करणं आणि तुरुंग सुधारणं’. या ओळीला लोक हमखास हसतात. त्याच सकाळी आमच्या शेजारच्या बूरुल काकू म्हणाल्या होत्या, “गर्दी होते? मग बरंच की! चिकटून बसा म्हणावं, थंडी वाजायची नाही.” मी भुवईही न उडवता ते लिहून घेतलं होतं.

कुबात हसला नाही.

“हे शेवटी का?”

“छापताना आलं शेवटी.”

“निवडतं का कुणी?”

“दुसऱ्यांची मतं सांगायची नसतात.”

“मग तुमचं सांगा.”

“मला मत नसतं.”

“अरेरे!” त्यानं मनापासून हळहळल्यासारखा चेहरा केला. “जन्मापासून, की नोकरी लागल्यापासून?”

“कामावर असताना नसतं. तुम्ही उत्तर द्या.”

“विचार करावा लागेल. परत या.”

“असं चालत नाही.”

“चालतं. एका घरी तीनदा येता येतं. मागच्या वेळी आईला विचारायला आलेल्या मुलीनं सांगितलं होतं.” आणि साळसूदपणे पुढं म्हणाला, “ही पहिली खेप.”

माझाच नियम माझ्याच गळ्यात! मी तणतणत उठले, तर त्याची आई तोक्तोबूबू ताटात नान घेऊन दारात उभी. नानाचा तुकडा तोंडाला न लावता पाहुण्यानं फाटकाबाहेर पडायचं नसतं. तुकडा गरम होता, वर सायीचा थर होता, आणि मी काही एका तुकड्यावर थांबले नाही.

दुसऱ्या खेपेला मी ओठांना रंग लावून गेले. तो कामाचाच भाग होता, असं मी स्वतःला सांगितलं.

“आज नीट बस,” मी म्हणाले. एका आठवड्यात मी ‘तू’वर कशी आले, कोण जाणे. “असा अर्धा लोंबकळतोस, मलाच पडल्यासारखं होतं.”

तो नेहमीसारखा कडेलाच टेकला होता. हातातली पटाशी त्यानं खाली ठेवली.

“सवय आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्यासाठी जागा सोडायची. मी आत होतो, कानिशाय... टेकडीपलीकडच्या तुरुंगात. एका बाजेवर तिघं. एकानं झोपायचं, दोघांनी उभं राहायचं, मग पाळी बदलायची. सुटून आलो तरी मी अर्ध्या झोपेत उठतो आणि सरकून जागा करतो. कुणीच येत नाही, मग परत झोपतो.”

बाहेर फुलांचा सडा पडला होता. 

“काय केलं होतंस?”

“चोरीचं लाकूड घेतलं. चोरीचं आहे हे माहीत होतं, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. न्यायाधीशानं शिक्षा दिली ती बरोबरच दिली.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत लाज नव्हती, राग होता. “पण उभ्यानं झोपायचं, हे त्या शिक्षेत कुठं लिहिलं नव्हतं.”

मी हातातली यादी मिटली. 

“माझे बाबा...” मी म्हणाले. “त्याच तुरुंगावर शिपाई होते. उभा जन्म तिथं काढला. तुर्दुबेक त्यांचं नाव.”

तो दचकला. मग सावकाश उठला आणि रंधा हातात घेऊन उगाचच एक फळी तासायला लागला. मला वाटलं, संपलं. नान तोंडाला न लावताच मी फाटकाकडे निघाले.

“एक खेप राहिलीय,” तो मागून म्हणाला.

त्या आठवड्यात मी दोन गावं पालथी घातली. सगळीकडे तीच यादी, तेच हसू. ‘सडू दे मेल्यांना’ असं एक आजी म्हणाल्या आणि लगेच त्यांनी माझ्या खिशात मूठभर अक्रोड कोंबले. माणसं वाईट नव्हती. पण त्यांची उत्तरं लिहिताना माझ्या पेनाला आता जड जात होतं, आणि भुवया कशाबशा जागेवर राहत होत्या.

तिसऱ्या खेपेला कुबात फाटकातच उभा होता, धुतलेला सदरा घालून.

“लिही,” तो म्हणाला. “सगळ्यात शेवटची ओळ. माझ्यासाठी तीच सगळ्यात आधी. आणि आता मी विचारतो... तुझं मत?”

मी त्याचं उत्तर लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि पेन पिशवीत टाकलं.

“शनिवारी बाबांची साठी आहे. सगळं गाव जेवायला येतंय. पाय लोंबकळणार नाहीत अशी तापचान बाबांना जन्मभर हवी होती. ही मला हवी. तू स्वतः घेऊन यायची.”

“आणि मग?”

“मग बसायचं.”

“तुझ्या बाबांसमोर?” तो हसला, पण ओठ कोरडे पडले होते. “तापचान आणतो, कानिशाय. बसायचं की नाही ते तुझे बाबा ठरवतील.”

“आणि मी कशासाठी आहे?”

“तुला तर मत नसतं ना...”

इतका राग आला मला! राग आला, आणि त्याच्या केसांतला भुसा झटकावासाही वाटला. मी दोन्ही केलं. डोळे वटारले आणि भुसा झटकला. तो डोळे मिटून उभा राहिला, आणि मला हात मागं घ्यायला अंमळ उशीरच झाला.

शनिवारी आमच्या अंगणात मोठ्या कढया चढल्या होत्या. मटण रटरटत होतं, चहाची भांडी फिरत होती. कुबातनं तापचान हातगाडीवरून आणली आणि जर्दाळूच्या झाडाखाली मांडली. बाबा तिच्यावर आडवे झाले, पाय ताणले, आणि पाय फळ्यांवरच राहिले.

“वा!” बाबा लहान मुलासारखे खूश. “हात आहेत की काय! पोरा, वर ये, तोरवर बस.”

तोर म्हणजे फाटकापासून सगळ्यात लांबची, आतली मानाची जागा. तिथं बाबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी गावातली मोठी माणसं. कुबातनं मान लववली, पण बसला तो फाटकाकडच्या कडेवर, जिथं चपला काढतात तिथं. अर्धाअधिक हवेतच.

बोलता बोलता विषय निघाला. सरकार म्हणे तुरुंगांवर पैसा घालणार, नव्या खोल्या, कैद्यांना काम, किरकोळ गुन्ह्याला आत टाकणं बंद. मग काय, सगळेच पेटले.

“शाळेचं छप्पर गळतंय,” बूरुल काकू म्हणाल्या, “आणि चोरांना गाद्या?” बोलता बोलता त्यांची नजर कडेला गेली आणि डोळे बारीक झाले. “अगं बाई... हा तर तोक्तोबूबूचा मुलगा! हा आत होता की!”

चहाचे कप जागच्या जागी थांबले. बाबांचा हात फळीवरून फिरत होता, तोही थांबला.  कुबात फक्त सरकला, आणखी कडेला, आणखी फाटकाकडे. सरकायला तिथं जागाच उरली नव्हती. तो उठून चपलेत पाय घालू लागला.

आणि मी भांड्यांचं ताट खाली आदळलं.

“चपला काढ,” मी म्हणाले.

“कानिशाय,” आई कुजबुजली, “लोक आहेत.”

“आहेत ना! लोक काय म्हणतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी पोटासाठी तेच ऐकत हिंडते. आज मी सुट्टीवर आहे आणि आज मला मत आहे. शाळेचं छप्पर गळतं ते मलाही खुपतं, काकू. पण म्हणून माणसानं उभ्यानं झोपायचं? त्यानं चूक केली, शिक्षा भोगली, सुटला. आणि तुम्ही त्याला अजून दारात उभा करताय! हे पहिलं मत. दुसरं असं की मला हा माणूस आवडतो. त्यानं विचारलं तर मी याच्याशी लग्न करीन, आणि नाही विचारलं तर मी विचारीन.”

बूरुल काकूंचा घास हातातच राहिला. कुबातचे कान जर्दाळूच्या कळीसारखे लाल झाले होते. हनुवटी मी खाली येऊ दिली नाही. मी बाबांकडे पाहिलं. काय ते बाबांच्या हातात होतं.

बाबांनी हातातला कप फिरवला.

“कुठली खोली?” त्यांनी विचारलं.

“जिन्याखालची,” कुबात म्हणाला.

“जिन्याखालची...” बाबांनी कप खाली ठेवला. घरात ते तुरुंगाबद्दल कधी चकार शब्द बोलत नसत. “तिचं दार लागायचं नाही. आतली माणसं मध्ये यायची. मी खांदा लावायचो दाराला. रेटून, रेटून... मग कडी बसायची.” त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. “उन्हाळ्यात तर आतून आवाजही यायचा नाही. श्वास जपून ठेवायचे सगळे.”

 कढईखालचं लाकूड तेवढं तडतडलं.

आणि मग बाबा सरकले. पाहुणा कितीही मोठा असो, तोरवरून कधीही न हललेले माझे बाबा चांगले हातभर सरकले आणि मोकळ्या झालेल्या फळीवर त्यांनी थाप मारली.

“वर ये, पोरा.”

“अहो, मग मी कुठं बसू?” मध्येच अडकलेल्या बूरुल काकू करवादल्या.

“चिकटून बसा, काकू,” मी म्हणाले. “थंडी वाजायची नाही.”

दुसऱ्यांची मतं सांगायची नसतात. तो नियम मी त्या दिवशी मोडला आणि मला भलतंच बरं वाटलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वेळी त्यांच्या दारात मला चहा मिळणार नाही हे नक्की झालं. पण त्या सरकल्या.

कुबात वर आला. बाबांच्या शेजारी, पाठ टेकून, मांडी घालून चांगला ऐसपैस बसला. त्यानं इतकी रुंद केलेली ती तापचान पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या उपयोगाला आली. फक्त डाव्या हाताला त्यानं थोडी जागा मोकळी सोडली होती.

“अजून सवय गेली नाही?” मी हळूच विचारलं.

“ही सवय नाही,” तो म्हणाला. डोळे हसत होते. “ही तुझी जागा आहे... एजे.”

“एजे म्हणालास तर बघ!” मी म्हणाले. आणि चपला काढून, आईच्या, काकूंच्या, सगळ्या गावाच्या देखत वर चढले.