दांडकोंडची पेटी

दर्शना सकपाळची खोली महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, एका धान्याच्या दुकानावर होती. खाली दुकानाच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ होती. दुकानदाराने तिच्यावर दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ती पुन्हा वर यायची. वरची खोली मात्र कोरडी. एक टेबल, एक लॅपटॉप, आणि खिडकीतून घरांच्या फटीत दिसणारं सावित्री नदीचं गढूळ पाणी. सुट्टीला ती नाते गावी आईकडे जायची. बाकीचे दिवस काम.

पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी ती डोंगर खचण्याआधी इशारा देणाऱ्या पेट्यांचे प्रोग्रॅम लिहायची. पेटी दिसायला साधीच. करड्या डब्यात तळहाताएवढा बोर्ड, त्यात लिनक्स. डब्यातून निघालेली वायर घरामागच्या उतारात खोल पुरलेल्या लोखंडी काठीला जोडलेली, आणि छपराखाली एक भोंगा. काठी कलली, माती पाण्याने जड झाली, की ते आकडे पेटीला कळायचे. प्रमाणाबाहेर गेले की भोंगा वाजायचा आणि मागोमाग पुण्यात रेकॉर्ड केलेला एक पुरुषी आवाज यायचा, ‘धोका आहे. घरं सोडा.’ तेवढंच. दुसरा कुठलाही आवाज त्या पेटीत नव्हता.

अशी एक पेटी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवर, दांडकोंड नावाच्या वाडीत बसवली होती. येसाजी उतेकर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडवीत.

पेटीचा जीव लहान. तिच्यावर बसून प्रोग्रॅम घडवता येत नाही. म्हणून दर्शनाच्या लॅपटॉपवर एसडीके नावाचा संच होता. त्या संचात पेटीच्या आतली सगळी मांडामांड जशीच्या तशी उतरवलेली असते. तिच्या आधाराने लॅपटॉपवर प्रोग्रॅम घडवायचा आणि तयार झाला की पेटीकडे पाठवायचा.

“इथे रांधायचं आणि ताट तिकडे पाठवायचं,” असं तिने एकदा आईला समजावलं होतं.

“मग चाखून बघायचं नाय?”

“इथे चाखता येत नाही, आई. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळा, पेटीचा वेगळा. पेटीसाठी केलेलं लॅपटॉपवर चालवलं तर तो सरळ नाही म्हणतो.”

आणि तसंच होतं. चुकून कधी चालवलं तर पडद्यावर एकच ओळ यायची, एक्झेक फॉरमॅट एरर. या कामातल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते.

गणपती चार-पाच दिवसांवर आले असताना, एका दुपारी, दर्शनाने नवा प्रोग्रॅम घडवला आणि पेटीकडे पाठवायचा विसरून तिथेच चालवला. चूक लक्षात आली तेव्हा बोट एंटरवर पडून गेलं होतं.

एरर आली नाही.

पडद्यावर आकडे उतरायला लागले. कल. ओल. बॅटरी. जरा थांबून पुन्हा. कल. ओल. बॅटरी.

ती आधी हसली. मग तिने फाइल तपासली. फाइल पेटीसाठीच घडलेली होती, यात शंका नव्हती. तिने पुण्याला राजेशला फोन लावला. त्याच्याच हाताखाली ती हे काम शिकली होती.

“एम्युलेटर असेल गं,” राजेश म्हणाला. “कुठल्यातरी पॅकेजबरोबर आला असेल. लॅपटॉप पेटीचं सोंग घेतोय, दुसरं काय.”

“तेही बघितलं. नाहीये. आणि समजा असला, तरी आकडे कुठून येतायत? इथे काठी कुठेय?”

“नेटवर्कवरून घेत असेल.”

दर्शनाने वाय-फाय बंद केलं. आकडे येत राहिले.

तेही तिने राजेशला सांगितलं. तो म्हणाला, “रीस्टार्ट कर आणि चहा पी.” तिने दोन्ही केलं. रीस्टार्टनंतर जुने प्रोग्रॅम चालवून पाहिले. त्या सगळ्यांनी मुकाट नकार दिला. नवा मात्र चालला.

मग तिने येसाजींना फोन केला. रेंज नशिबाने मिळाली.

“बाबा, एक काम कराल? मागे जाऊन त्या काठीला जरा हात लावा. हलवू नका फार.”

“आता? पाऊस हाय गो.”

“एकदाच.”

फोनमधून आधी पागोळ्यांचा आवाज आला, मग चिखलातून चालण्याचा. “लावला बघ,” येसाजी म्हणाले, आणि त्याच क्षणी लॅपटॉपवरचा कलाचा आकडा हलला. त्यांनी हात काढला तसा परत जागेवर आला. वाय-फाय अजून बंदच होतं. मध्ये इतके डोंगर, घाट, नदी, आणि वायर एकही नाही.

“झालं काय गो तुझं काम?”

“झालं, बाबा.”

“मंग मी इचारतो ते सांग. पेटीला तू काय नवीन केलंस? सकाळधरून तिच्यातनं टकटक येते हाय. तू इथं बसून ते बडवतेस ना, तुझा लॅपटॉप, तसं.”

“पेटीतून? कसं येईल?”

“आता मला काय ठाव? मघा तू खोकलीस ते पन आलं.”

दर्शनाने फोन ठेवला. ती खरोखरच खोकली होती. राजेशशी बोलून झाल्यावर, चहाच्या पहिल्या घोटाला.

दुसऱ्या दिवशी ती पोलादपूरची एसटी धरून निघाली आणि तिथून जीपने वर गेली. दांडकोंड एरवी म्हाताऱ्यांची वाडी. तरुण माणसं मुंबईत. पण सणासाठी सगळे यायला लागले होते. येसाजींच्या घरी त्यांची नातसून अंकिता आदल्या दिवशी डोंबिवलीहून आली होती आणि पडवीत बसून मखराला कागद चिकटवत होती. तिने दर्शनाकडे पाहिलं आणि हातातला कागद तसाच राहिला.

“तुम्हीच का दर्शना मॅडम?” तिने विचारलं. “आवाजावरून वाटलं तुम्ही वयाने मोठ्या असाल.”

“आपण कधी बोललोय का?”

अंकिता मखर तसंच टाकून उठली. आत निघून गेली.

दर्शनाने पेटी उघडली. भोंग्याची वायर सुटी करून तपासली, परत जोडली. आत एकच रेकॉर्डिंग होतं, तो पुण्याचा पुरुषी आवाज. लॅपटॉप उघडून तिने तोच प्रोग्रॅम चालवला. एक्झेक फॉरमॅट एरर. पुन्हा चालवला. पुन्हा तेच. मग त्याची प्रत पेटीत टाकली, तिथे तो व्यवस्थित चालला. सगळं जागच्या जागी होतं. जिथे चालायला हवं तिथे चालत होतं, जिथे नको तिथे नाही. ती इतकी हलकी झाली की येसाजींनी पुढे केलेल्या दोन्ही करंज्या तिने खाऊन टाकल्या.

निघण्याआधी ती काठी बघायला मागे गेली. काठीच्या वर, उताराला, एक झरा होता. वाडी त्याचंच पाणी प्यायची. पाणी लाल येत होतं. वरच्या बांधावर गवतात एक चीर गेली होती, पाऊल अडकेल एवढी.

“बाबा, हे कधीपासून?”

“पावसात येतंच लाल.”

“इतकं? आणि ती चीर?”

येसाजी चिरेकडे बघत राहिले. “पेटी काय सांगते?”

पेटी काहीच सांगत नव्हती. आकडे प्रमाणात होते. दर्शनाने तालुक्याला फोन केला. तिथल्या माणसाने तेच विचारलं, आकडे काय आहेत, आणि तेच उत्तर मिळाल्यावर नोंद घेतो म्हणाला. वाडीतली चार माणसं जमली. घराघरात गणपती बसायचे होते, मुंबईची पोरंबाळं आलेली, खालच्या शाळेत जाऊन कोण राहणार?

“गौरी-गणपती गेले की बघू,” येसाजी म्हणाले. “तवर तू हायसच की लक्ष ठेवायला.”

महाडला परतल्यावर तिने चपला काढायच्या आधी लॅपटॉप उघडला.

प्रोग्रॅम चालला. आणि आता आकडे प्रमाणात नव्हते. ओल शेवटाला भिडली होती. कल हळूहळू वाढत होता, थांबत नव्हता. तिने कंपनीच्या सर्व्हरवर पाहिलं. दांडकोंडच्या पेटीकडून येणारे आकडे शांत होते. एकाच काठीचे दोन आकडे, आणि त्यातला जो येऊच शकत नाही तोच तिला खरा वाटत होता.

ती येसाजींना फोन लावत राहिली. रेंज नव्हती. राजेशला लावला.

“दर्शना, ऐक,” तो म्हणाला. “ते पुसून टाक. एसडीके, प्रोग्रॅम, सगळं. नव्याने बसव. तू थकलीयस. दोन दिवस आईकडे जा.”

“आणि आकडे खरे असले तर?”

“कुठले आकडे? जे मोजायला तुझ्याकडे काठीच नाहीये, ते?”

खोलीत मातीचा वास येत होता. ओल्या, आतल्या मातीचा, विहीर खणताना येतो तसा. तिने खिडकी उघडली तर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बाहेर नुसता पावसाचा गार वारा होता, आणि वास खोलीतूनच येत होता. टेबलाला टेकलेला हात तिने उचलला. बोटांना काही लागलेलं नव्हतं.

तिने सगळं पुसलं. पुसायला वेळ लागला. संपत आलं तेव्हा तिला, उगाच, कुणाला तरी बाहेर ठेवून दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी ती नाते गावी गेली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. सकाळी आई देवापुढे दूर्वा निवडत होती. दर्शना तिच्याजवळ नुसती बसून होती. उठून अंगणातसुद्धा गेली नाही. लाइट नव्हती, फोन मुका होता. दुपारकडे पाऊस उघडला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेंपोवाल्याने सांगितलं. दांडकोंडवर डोंगर आला.

ती मिळेल त्या गाडीने गेली, पण पोचेपर्यंत दिवस कलला. वरच्या वळणावर रस्ता दगडमातीने बंद होता. जेसीबी अजून पोचला नव्हता. पुढे ती चालत निघाली. वळण संपलं आणि समोर वाडी नव्हती. लाल मातीची एक रुंद जीभ उतारावरून खाली आली होती, आणि तिच्या टोकाला, शाळेच्या आवारात, माणसं बसली होती. बायका, पोरं, म्हातारे. कुणी पाटावर ठेवलेला गणपती मांडीवर धरला होता.

माणसं जिवंत होती. दर्शनाने धाव घेतली. ती रडत रडतच आवारात शिरली.

कुणी पुढे आलं नाही. तिला बघताच बोलणं थांबलं. एका बाईने पोराचं तोंड आपल्या पदराकडे वळवलं.

“अंकिता,” दर्शना म्हणाली. “सगळे आहेत ना? कुणी राहिलं का?”

अंकिताचे ओठ पांढरे पडले होते. “सगळे आहेत. मोजले. तुम्हीच तर सांगितलंत ना, निघा म्हणून.”

“मी?”

“सकाळी. पेटीतून. भोंगा नाही वाजला, तुम्हीच ओरडलात. पोरं घ्या, खाली जा, काही उचलू नका. आजेसासऱ्यांनी विचारलंसुद्धा, तू कुठं हायस. तर म्हणालात,” तिने शाळेच्या ओट्याकडे पाहिलं, “मी आतच हाय. तुमी निघा.”

दर्शना मोठेपणी कधी ‘हाय’ म्हणाली नव्हती. शाळेत असताना आईनेच, स्वतः तसं बोलत असूनही, तिची ती सवय मोडून काढली होती.

“मी नाते गावी होते,” ती म्हणाली. “आईपाशी. सकाळपासून.”

अंकिता मागे सरकली.

शाळेच्या ओट्यावरून येसाजी उतरून आले. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि नखं फुटली होती. त्यांच्यामागे तीन-चार पुरुष होते, तसेच माखलेले. येसाजींनी तिच्या गालाला हात लावला, ऊन आहे की गार ते बघावं तसा, आणि झटकन काढून घेतला.

“डोंगर आला तरी आवाज बंद झाला नाय गो,” ते म्हणाले. “मातीखालनं येत व्हता. दुपारपावेतो. मंग आमी उकरलं.”

“पेटी सापडली?”

येसाजींनी मान हलवली. नाही.

“बाबा, मग काय उकरलंत?”

“नाते गावाला माणूस धाडलाय, तुझ्या आयशीकडं. वाटेत भेटला नाय काय तुला?”

ओट्यावर, भिंतीच्या कडेला, निळी ताडपत्री अंथरलेली होती. तिच्याखाली काहीतरी लांबट होतं, आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. दर्शनाने पाऊल उचललं तसे येसाजी तिच्या आणि ओट्याच्या मध्ये उभे राहिले.

“सगळे मोजले म्हणालात ना,” ती म्हणाली. “कुणी कमी नाही. मग ते कोण आहे?”

“तू नको बघूस, पोरी.”

वारा आला. ताडपत्रीची एक कड दगडाखालून सुटली आणि जरा उचलली गेली. एक उघडं पाऊल दिसलं, बाईचं, लाल मातीने माखलेलं. करंगळीला नख नव्हतं. लहानपणी केव्हातरी गेलेलं असावं, तिथली कातडी जुनी आणि गुळगुळीत होती.

दर्शनाने चपलेतली आपली, तशीच बिननखाची करंगळी हळूच आत ओढून घेतली.